मार्जिनबाईंनी सही केली नाही

माझ्या नणंदेला ऑफिसात सगळे मार्जिनबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. तोंडावर म्हणायची एकाचीही छाती नव्हती. ती नोकरीला लागली तो काळ टाइपरायटरचा. तेव्हाच्या हेडक्लार्कने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, डावीकडे दीड इंच सोडायचं, नाहीतर फाइलला लावताना भोक पाडलं की अक्षरं भोकात जातात. पुढे हेडक्लार्क रिटायर झाला, टाइपरायटर भंगारात गेला, पण हिचं दीड इंच काही गेलं नाही. कोणी कागद आणून दिला की ही आधी मजकूर वाचायचीच नाही. कागद हातभर लांब धरायची, चारही कडा बघायची, आणि कडा वाकड्या असल्या तर आतला मजकूर कितीही सरळ असो, कागद परत जायचा.

आमचं नातं जरा उलट्या क्रमाने लागलं. आधी ती माझी ऑफिसातली शेजारीण. तिचं टेबल खिडकीपाशी, माझं आवक-जावकचं टेबल दाराशी. ऑफिसात येणारं प्रत्येक पत्र माझ्या रजिस्टरात चढतं आणि जाणारं प्रत्येक पत्र माझ्या रजिस्टरातून बाहेर पडतं. सहा महिने तिने मला नीट पारखून घेतलं आणि एक दिवस डबा खाता खाता म्हणाली, "माझा धाकटा भाऊ आहे. स्वभावाने गरीब आहे. घोरतो. बघतेस का?" मी बघितला. गरीब निघाला आणि घोरतो हेही खरं निघालं. तेव्हापासून मी तिला ताई म्हणते, आणि भांडण झालं की वन्सं.

ती स्वतः लग्नाच्या फंदात पडली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यात ती, मी आणि तिचा भाऊ. सकाळी बाथरूमला पहिला नंबर तिचा. मग दोघी एकाच बसने ऑफिसात, एकाच बसने घरी. नवऱ्याबरोबर मी जेवढा संसार केला त्याच्या दुप्पट हिच्याबरोबर केलाय, आणि भांडणंही दुप्पट.

तर अशात आमच्या ऑफिसात नवे साहेब आले. आल्या आल्या त्यांनी कागद बंद केला. म्हणजे अक्षरशः बंद केला. प्रिंटर कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली साहेबांच्या पीएच्या खिशात. आता सगळ्यांनी सगळं स्क्रीनवर वाचायचं. साहेबांनी स्वतःसाठी दाराच्या फळीएवढा स्क्रीन आणवला. माणूस मनाने वाईट नाही असं लोक म्हणायचे. लोक काय, काहीही म्हणतात.

साहेबांना एक खोड होती. बोलता बोलता मुद्दा पटवायचा असला की पेनाने टेबलावर टक-टक असे दोन ठोके मारायचे. हातात पेन नसून माऊस असला तर तेच ठोके माऊसवर. स्क्रीनवर काही दाखवायचं झालं की बाण तिथे न्यायचा आणि टक-टक. "हे बघा," टक-टक. "हे असं चालत नाही," टक-टक. त्या ठोक्यांनी कधी शब्द निळा व्हायचा, कधी नको ती खिडकी उघडायची, आणि ती बंद करायला पीए धावत यायचा. आम्ही हसायचो, अर्थात जागेवर परत येऊन.

त्या वर्षी संस्थेची नवी नियमावली तयार होत होती. दोनशे बारा पानं. चार महिने ताईने ती टाइप केली, तपासली, पुन्हा तपासली. प्रत्येक पानाच्या माथ्यावर प्रकरणाचं नाव, तळाशी मधोमध पानाचा नंबर, चारही बाजूंनी मोजून सोडलेली जागा. गुरुवारी अकरा वाजता संचालक मंडळाची बैठक होती आणि तिथे ही नियमावली मोठ्या पडद्यावर दाखवायची होती. ताईने आदल्या शुक्रवारीच फाइल साहेबांना पाठवून दिली. रिटायर व्हायला तिला अकरा महिने राहिले होते आणि हे आपलं शेवटचं मोठं काम, हे ती घरी दहा वेळा बोलली होती. फुशारकी मारणारी बाई नाही ती, पण त्या कामाचा तिला अभिमान होता आणि का नसावा?

सोमवारी सकाळी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं, त्यामुळे मला माझ्या टेबलावरून सगळं दिसत होतं आणि ऐकू तर अख्ख्या ऑफिसला येत होतं.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले. "पानांना मार्जिन नाही, वर मथळा नाही, खाली नंबर नाही. एक पान संपतंय आणि दुसरं त्याला चिकटूनच सुरू होतंय. चार महिने तुम्ही काय केलंत?"

ताईने पाहिलं. खरंच तसं होतं. एका पानाची शेवटची ओळ, मग एक बारीक करडी रेघ, आणि त्या रेघेला लागूनच पुढच्या पानाची पहिली ओळ. मधली मोकळी जागा कोणी कात्रीने कापून टाकावी तशी गायब.

"मी पाठवलेल्या फाइलमध्ये सगळं होतं," ती म्हणाली.

"मग कुठे गेलं? इथे नंबर असायला हवा ना?" साहेबांनी पानाच्या शेवटच्या ओळीवर टक-टक केलं. ओळीतला एक शब्द निळा झाला, बाकी काही नाही.

ती तडक आपल्या टेबलावर आली, फाइल उघडली. मार्जिन जागेवर, मथळे जागेवर, नंबर जागेवर. तिने तीच फाइल पुन्हा पाठवली. साहेबांकडे उघडली तर पुन्हा तेच, पानं चिकटलेली. मग पेन ड्राइव्हवर घालून स्वतः घेऊन गेली. तरी तेच. तिसऱ्या वेळी साहेबांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि ते जास्त वाईट होतं.

"बाई, राग मानू नका. पण प्रत्येकाचं एक वय असतं. हे नवीन तंत्र आहे. झेपत नसेल तर माणसाने वेळीच सांगावं."

नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण कुणासाठी केली असेल, असं माझ्या तेव्हाच मनात आलं. पण मनात येऊन काय उपयोग, तोंडातून काही बाहेर पडलं नाही. टायपिंगचा कंप्युटर ऑफिसात पहिल्यांदा आला तेव्हा सगळे त्याला लांबून बघत होते, आणि त्याचं प्लास्टिक काढून तो चालू करणारी ही बाई होती. आम्ही सगळे तिच्याकडूनच शिकलो. पीएसुद्धा.

त्या पीएने मग दुपारभर बसून फाइल 'दुरुस्त' केली. साहेबांच्याच मशीनवर. पानं चिकटलेली दिसतात ना, मग प्रत्येक पानाच्या शेवटी एंटर दाबायचं, एंटर, एंटर, एंटर, जागा दिसेपर्यंत. नंबर तर त्याने हाताने एक-एक लिहिले. दिवसाअखेर बोटं चोळत बाहेर आला आणि मला म्हणाला, "मार्जिनबाईंचं निस्तरता निस्तरता नाकी नऊ आले." मी त्याला पाणीही विचारलं नाही.

मंगळवारी दुपारी कपाटाचं कुलूप निघालं. पाच महिन्यांत त्या प्रिंटरमधून पहिला कागद बाहेर पडला, आणि तो होता माझ्या नणंदेच्या नावाचा मेमो. रीतीप्रमाणे माझ्याकडे आला. मी त्यावर जावक क्रमांक टाकला, रजिस्टरात नोंद केली आणि दाराशेजारच्या टेबलावरून खिडकीशेजारच्या टेबलावर नेऊन दिला. बावीस पावलं. इतकी लांब वाट मी आयुष्यात चालले नाही. तिने रजिस्टरात पोच म्हणून सही केली, तारीख घातली, आणि मग मेमो हातभर लांब धरून आधी कडा बघितल्या.

"डावीकडे अर्धा इंचसुद्धा सोडला नाही," ती म्हणाली. मग वाचला.

मेमोत लिहिलं होतं, की आपल्या निष्काळजीपणामुळे आणि वयोमानानुसार कामात आलेल्या शिथिलतेमुळे नियमावलीची फाइल सदोष झाली आहे. सोबत जोडलेल्या कबुलीपत्रावर उद्या संध्याकाळी पाचपर्यंत सही करून द्यावी. न दिल्यास टायपिंगचं काम काढून घेऊन तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये नेमणूक करण्यात येईल आणि सेवापुस्तकात तशी नोंद होईल. जोडलेल्या कबुलीपत्रात एकच वाक्य होतं: 'वरील चूक माझ्या हातून झाली आहे व ती मला मान्य आहे.'

सही केली तर टेबल राहणार होतं, नाही केली तर तळघर. इतकं सरळ होतं ते.

त्या संध्याकाळी घरी स्वयंपाकघरात ती ओट्याशी भाजी चिरत होती आणि माझा नवरा दारात उभा होता. हा माणूस दुकानात उरलेले सुटे पैसे मागायला लाजतो, तो बहिणीला सल्ला द्यायला निघाला.

"ताई, सही करून टाक ना. काय जातंय तुझं? अकरा महिने तर राहिलेत."

"माझं काय जातंय?" तिने सुरी खाली ठेवली. "माझं नाव जातंय. चूक माझी असती तर दहा वेळा सही केली असती. विचार तुझ्या बायकोला, मी कधी चूक झाकली आहे का?"

"पण दिसतंय ना त्यांच्या स्क्रीनवर."

"दिसतंय ते दिसतंय. पण मला एक सांग. मार्जिन खरंच गेलं असतं तर काय झालं असतं? एका पानावर जास्त ओळी बसल्या असत्या. बसल्या असत्या की नाही? मग पानं कमी झाली असती. दोनशे बाराची एकशे सत्तर झाली असती. मी साहेबांच्या स्क्रीनचा खालचा डावा कोपरा बघून आले आहे. तिथे एकूण पानं दोनशे बाराच आहेत. म्हणजे कागद तेवढाच आहे, ओळी जिथल्या तिथे आहेत. गेलेलं काही नाही. फक्त दिसत नाही. का दिसत नाही ते मला अजून कळलेलं नाही, पण मी ते घालवलं नाही हे मला पक्कं ठाऊक आहे."

नवऱ्याच्या डोक्यावरून गेलं. माझ्या नाही गेलं. मला समजलं, आणि समजूनही मी जे बोलले ते बोलले.

"ताई, खरं तुझंच आहे. पण साहेबाशी वैर कशाला? सही कर आणि मोकळी हो. तळघरात ओल आहे, तुला दम्याचा त्रास. आणि उद्या माझीही बदली केली त्याने, तर आपण दोघी काय करणार?"

तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. भावाला ती तोडून बोलली होती, मला एक शब्द बोलली नाही. भाजी चिरून झाली, फोडणी झाली, जेवणं झाली. ताट धुताना फक्त एवढंच म्हणाली, "उद्या आपण लवकरची बस घेऊ."

बुधवारी ऑफिसात आम्ही पोचलो तेव्हा फक्त झाडूवाली होती. ताई तिच्या टेबलाकडे गेलीच नाही, माझ्या मशीनपाशी बसली. फाइल उघडली. सगळं जागच्या जागी. म्हणजे तिच्या मशीनवर ठीक, माझ्या मशीनवर ठीक, फक्त साहेबांच्या मशीनवर नाही.

"म्हणजे दुखणं फाइलला नाही, त्या मशीनला आहे," ती म्हणाली. "कोणीतरी त्या मशीनला सांगून ठेवलंय, की मोकळी जागा दाखवू नकोस. कोण बसतं त्या मशीनवर?"

"साहेब. आणखी कोण?"

"आणि साहेब काय करतात?"

मी हसले. "टक-टक."

ती हसली नाही. तिने बाण पानाच्या माथ्यावर नेला आणि दोनदा दाबलं. मथळा उघडला, बाकी काही नाही. तो बंद केला. ओळीवर दोनदा दाबलं, शब्द निळा झाला. कडेच्या पट्टीवर दाबलं, एक खिडकी उघडली. अशी ती एकेका जागी टक-टक करत गेली, डॉक्टर पोट दाबून 'इथे दुखतंय का' विचारतो तशी. मग बाण दोन पानांच्या मधल्या करड्या फटीत नेला. बाणाचं रूप बदललं, वर-खाली तोंडाचे दोन छोटे बाण झाले. तिने दोनदा दाबलं.

आणि पानं चिकटली. मार्जिन गेलं, मथळे गेले, नंबर गेले. राहिली फक्त बारीक करडी रेघ.

"अगं बाई!" मी ओरडलेच.

तिने त्याच रेघेवर बाण नेऊन पुन्हा दोनदा दाबलं. सगळं परत आलं. पुन्हा दाबलं, गेलं. पुन्हा दाबलं, आलं. स्क्रीनवर वाचणाऱ्याला पानांमधली रिकामी जागा मध्ये मध्ये येऊ नये म्हणून सोय केलेली असते ती. घडी घालून ठेवायची सोय. साहेबांनी वाचता वाचता कुठेतरी दोन पानांच्या मध्ये आपला मुद्दा ठासून मांडला होता आणि घडी पडली होती. ती एकदा पडली की त्या मशीनवर कुठलीही फाइल उघडा, घडी घातलेलीच दिसते.

मी उठलेच. "चल, साहेब आले की लगेच सांगू."

"सांगायचं नाही," ती म्हणाली. "मी जाऊन सांगितलं तर ते काय म्हणतील माहीत आहे? 'बघा, मेमो दिल्यावर कशी दुरुस्त केली.' मी त्या माऊसला हातसुद्धा लावणार नाही. पाच वाजता बोलावलंय ना, पाचला जाईन."

तो दिवस मी कसा काढला माझं मला माहीत. दोन पत्रांना एकच क्रमांक टाकला आणि दोन्ही नोंदी खोडल्या. ती मात्र खिडकीपाशी बसून कुणाची तरी साधी रजेची पत्रं टाइप करत होती, दीड इंच सोडून.

पाचला पाच कमी असताना ती उठली. कबुलीपत्राची पोच नोंदवायला रजिस्टर घेऊन मलाही जावं लागलं. केबिनमध्ये साहेब, पीए आणि आमच्या उपव्यवस्थापक बाई, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, अशी तिघं होती. उद्याच्या बैठकीची तयारी चालू होती. साहेबांनी पेन पुढे केलं.

"या. सही करा आणि विषय संपवा."

ताई खुर्ची ओढून बसली. तिला कोणी बसा म्हटलं नव्हतं. "सही करायच्या आधी चूक एकदा डोळ्यांनी बघते," ती म्हणाली. "मी शुक्रवारी पाठवलेली मूळ फाइल उघडा. दुरुस्त केलेली नको."

साहेबांना इतकी घाई होती, की त्यांनी वाद घातला नाही. फाइल उघडली. पानं चिकटलेली.

"खाली डाव्या कोपऱ्यात एकूण पानं किती लिहिलीत, मोठ्याने वाचता का?"

"दोनशे बारा. त्याचं काय?"

"नियमावली किती पानांची?"

"दोनशे बारा," मोठ्या बाई म्हणाल्या आणि चष्मा नाकावर चढवून पुढे झुकल्या. हिशोबाला त्या पक्क्या. त्यांच्या कपाळावर लगेच आठी पडली.

"बरं. आता मला वयोमानानुसार कमी दिसतं," ताई म्हणाली. "मार्जिन नेमकं कुठे नाही, ते दाखवा. दोन पानं जिथे चिकटलीत ना, तिथेच दाखवा. त्या रेघेवर."

"हे बघा," साहेब वैतागून म्हणाले, बाण रेघेवर नेला, "इथे!" आणि टक-टक.

पानं झटकन दूर झाली. वर मथळा, खाली नंबर, चारही बाजूंनी मोकळी जागा.

"आणखी एकदा दाखवा," ताई म्हणाली.

काय करतोय ते कळायच्या आत साहेबांचा हात सवयीने चालला. टक-टक. पानं चिकटली.

"आणखी एकदा."

तोवर साहेबांना उमगलं होतं. हात माऊसवर तसाच राहिला. मग मोठ्या बाईंनीच हात लांब करून रेघेवर दोनदा दाबलं, आणि माझ्या नणंदेचं चार महिन्यांचं काम त्या दाराएवढ्या स्क्रीनवर उभं राहिलं. एक कड वाकडी नव्हती हो. मला रडू आलं. मी रजिस्टर तोंडासमोर धरलं.

"आता दुरुस्त केलेली उघडा," मोठ्या बाई पीएला म्हणाल्या. उघडली. एकूण पानं दोनशे एकतीस. प्रकरणांची नावं पानाच्या मध्यावर, नियमांच्या मध्येच अर्धं पान कोरं, हाताने लिहिलेले नंबर वाटेल तिथे भटकत होते आणि त्यांच्याखाली ताईने घातलेले खरे नंबर वेगळेच. पीए भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला.

"ही फाइल माझी नाही," ताई म्हणाली. "माझी मी तीन वेळा दिली आहे. उद्या मंडळाला कुठली दाखवायची ते तुम्ही ठरवा."

साहेब खाकरले. हसण्याचा प्रयत्न केला. "बाई, मानलं तुम्हाला. चला, गैरसमज दूर झाला. तो मेमो फाडून टाका."

इथे दुसरी कोणी असती तर थँक्यू म्हणून उठली असती. मी तर नक्कीच उठले असते.

"त्याला जावक क्रमांक पडलाय," ताई म्हणाली. "फाडून कसा चालेल? लेखी दिलाय, लेखी मागे घ्या."

"ठीक आहे. तुम्ही तसं टाइप करून आणा, मी सही करतो."

"मी नाही टाइप करणार."

पीए उठू लागला. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. "यांनीही नको. मेमो यांनी लिहिला नव्हता."

"तुम्ही मला हुकूम सोडताय?" आता साहेबांचा आवाज चढला. "अकरा महिने काढायचेत तुम्हाला माझ्या हाताखाली, विसरू नका!"

"काढीन. खिडकीपाशी काढीन नाहीतर तळघरात काढीन. पण निष्काळजी म्हणून काढणार नाही. तेहतीस वर्षं मी या ऑफिसचा शब्द न् शब्द लिहिलाय, साहेब. तुमच्या आधीच्या सहा साहेबांच्या चुका मी गपचूप दुरुस्त करून त्यांच्या सहीला पाठवल्यात, एकाचीही वाच्यता केली नाही. तुमचीही केली नसती. पण तुम्ही तुमची चूक माझ्या नावावर लिहिलीत आणि वर माझ्या वयावर. सकाळी सांगून मिटवता आलं असतं मला. मिटवायचंच नव्हतं."

मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, लिहून टाका. मी थांबते."

साहेबांनी कीबोर्ड पुढे ओढला. एका बोटाने टाइप करायचे ते. एक-एक अक्षर शोधत होते आणि ताई समोर बसून बघत होती. पहिल्यांदा लिहिलं, 'सदर मेमो मागे घेण्यात येत आहे.' तिने वाचलं आणि विचारलं, "कारण? मेमोत माझं कारण दोन ओळींचं होतं." मग त्यांनी लिहिलं, 'तांत्रिक अडचणीमुळे.' ती नुसती बसून राहिली. पाच वाजून गेले, बाहेर खुर्च्या सरकल्या, आमची बस निघून गेली. अखेर साहेबांनी ते खोडलं आणि लिहिलं, 'फाइल निर्दोष होती. चूक माझ्याकडून झाली.' पीएने कपाटाचं कुलूप काढलं. कागद बाहेर आला. डावीकडे मार्जिन नव्हतं, पण त्या दिवशी तिने कडा बघितल्या नाहीत. मी जावक क्रमांक टाकला, तिने पोच म्हणून सही केली.

बदला घ्यायचा तेवढा साहेबांनी घेतला. दोन महिन्यांनी 'कामाच्या सोयीसाठी' तिला तळघरात धाडलं. ती गेली. सेवापुस्तकात काळी रेघ नव्हती आणि तिला तेवढंच हवं होतं. खाली तिने मोडकी रॅकं सरळ करून घेतली, दम्याचा पंप टेबलावर ठेवला आणि उरलेले नऊ महिने कोणापुढे मान खाली न घालता काढले. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं, कष्टाळू वगैरे म्हणाले. ती टाळ्यांच्या आधीच उठून आपली पिशवी आवरायला लागली.

पण मला सांगायचं आहे ते त्या बुधवारच्या संध्याकाळचं. पुढच्या बसची वाट बघत आम्ही स्टॉपवर उभ्या होतो. मी जिंकल्यासारखी बडबडत होते, साहेबांचा चेहरा कसा पडला, पीए घड्याळाकडे कसा बघत बसला. ती ऐकत होती. मग म्हणाली, "साहेबाचं मला काही लागलं नाही गं. तो मला ओळखतच नाही. पण तू ओळखतेस. खरं तुझंच आहे असं म्हणालीस, आणि त्याच दमात सही कर म्हणालीस. ते लागलं."

"वन्सं, मी घाबरले होते. चुकलं माझं."

"लेखी दे," ती म्हणाली.

मला वाटलं, चेष्टा करते आहे. बघितलं तर तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. तेवढ्यात बस आली आणि तो विषय तिथेच राहिला. नंतर तिने पुन्हा कधी काढला नाही, मीही नाही. ती रिटायर होऊन आता दोन महिने झाले. सकाळी मी एकटी बसने जाते, ती खिडकीतून हात करते, आणि रोज मला ते उरलेलं काम आठवतं.

म्हणून हे सगळं तिच्याच मशीनवर बसून टाइप केलं आहे, डावीकडे दीड इंच सोडून. कोणी सांगितलं नाही, कोणी मेमो दिला नाही. त्या मंगळवारी स्वयंपाकघरात मी माझ्या नणंदेला खोट्या कागदावर सही कर म्हणाले. चूक माझी होती आणि ती मला मान्य आहे.